पूर्वपक्षाला धाडायचं पत्र: विवेकवादावरच्या परिषदेसाठी भाषणांचे प्रस्ताव कसे मागवावेत

आमच्या पहिल्या परिषदेचं आवाहन तीन ओळींचं होतं. 'विवेकवाद या विषयावर दोन दिवसांची परिषद भरवत आहोत. इच्छुकांनी निबंधाचा गोषवारा पाठवावा. विषयाचं बंधन नाही.' शेवटच्या वाक्याचा तेव्हा आम्हाला फार अभिमान होता. आलं काय, तर 'आगरकरांचे विचार आणि आजचा काळ' याच मथळ्याचे, शब्द इकडचे तिकडे केलेले गठ्ठाभर गोषवारे. शाळेच्या गॅदरिंगलाही खपली असती अशी अंधश्रद्धेवरची चार-पाच भाषणं. आणि वेदान्तातल्या नित्यानित्यवस्तुविवेकावरचा, म्हणजे टिकणारं काय आणि नश्वर काय हे ओळखण्यावरचा, एक देखणा निबंध, जो आमच्या विषयाचा नव्हताच. की होता? यावर समितीत दोन तास कडाक्याचं भांडण झालं. पुढे परिषदेत जी सत्रं झाली त्यांतल्या एकाही सत्राला त्या भांडणाची सर आली नाही.

तेव्हापासून आवाहनाच्या एका पानासाठी मी महिना राखून ठेवतो. हॉल, जेवण, माइक यांची कामं करणारे लोक मिळतात. प्रस्ताव कसे मागवायचे हे मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दाचा निकाल लावा

मराठीत या एका गोष्टीला तीन नावं आहेत आणि तिन्हींचे अर्थ थोडेथोडे वेगळे आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात 'बुद्धिवाद' म्हटलं की देकार्त, स्पिनोझा, लायबनित्स आठवतात. ज्ञानाचा पाया इंद्रियानुभवात नसून बुद्धीत आहे, असं म्हणणारे ते लोक. त्यांच्या विरोधात लॉक, बर्कली, ह्यूम हे अनुभववादी. चळवळीतला 'बुद्धिवादी' मात्र पोथी, परंपरा, बाबा-महाराज यांचा शब्द अंतिम न मानणारा माणूस. गंमत अशी की प्रत्येक दाव्याला पुरावा मागणारा हा माणूस वर्गातल्या व्याख्येनुसार बहुतेकदा पक्का अनुभववादी निघतो! हा घोळ टाळायला 'बुद्धिप्रामाण्यवाद' हा शब्द आला. पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी 'विवेकवाद' हा शब्द रुजवला. १९९०मध्ये नागपुरातून सुरू झालेल्या 'आजचा सुधारक' मासिकाच्या वाचकांना तो चांगला परिचयाचा आहे. काय खरं मानावं याच्याबरोबर कसं वागावं हेही विवेकानं ठरवायचं, एवढा त्याचा आवाका.

पण 'विवेक' शब्दावर संतांचा हक्क आपल्याआधीचा आहे. रामदासांना मानणारा माणूस तुमचं आवाहन वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वेगळाच विवेक असेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून आवाहनाच्या पहिल्या परिच्छेदातच दोन-तीन वाक्यांत सांगून टाका, की शब्द कोणत्या अर्थानं घेतला आहे आणि कोणता अर्थ बाहेर ठेवला आहे. पारिभाषिक शब्दांवर अडलात तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' (१९७४) जवळ ठेवा. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत त्याचे तिन्ही खंड धूळ खात पडलेले असतात, विचारलं की मिळतात.

बुद्धीच्या मर्यादा हाही याच तत्त्वज्ञानाचा भाग आहे, हेही तिथेच लिहा. कांटनं १७८१च्या आपल्या मुख्य ग्रंथात शुद्ध बुद्धीची पोच कुठे संपते हेच तपासलं होतं. ह्यूमच्या मते तर बुद्धी ही भावनांची चाकर. हे नमूद केलं नाही तर बुद्धीची आरती ओवाळणारीच भाषणं येतील. आरतीसाठी माणसं जमवायला परिषद कशाला हवी?

विषयांची यादी नको, प्रश्न द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. 'विवेकवाद आणि शिक्षण', 'विवेकवाद आणि स्त्री', 'विवेकवाद आणि माध्यमं' अशी यादी दिली की लोक 'आणि'च्या दोन्ही बाजूंना दोन-दोन परिच्छेद लिहून पाठवतात. प्रश्न दिला की बाजू घ्यावी लागते. प्रश्न चांगला आहे का याची माझी कसोटी साधी आहे: तुमच्या समितीतच त्याची दोन उत्तरं निघाली पाहिजेत. सगळ्यांचं एकमत होत असेल तर तो प्रश्न खोडा.

आम्ही वापरलेले काही प्रश्न सांगतो.

फुल्यांचा निर्मिक (जगाचा निर्माता) आणि आगरकरांचा अज्ञेयवाद (ईश्वर आहे की नाही हे कळूच शकत नाही, ही भूमिका) एकाच विवेकवादात बसतात का? १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापणाऱ्या फुल्यांनी पोथ्या आणि पुरोहित नाकारले. निर्माता नाकारला नाही. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१मध्ये छापलं गेलं, त्यातही निर्मिक आहेच. १८८८मध्ये 'सुधारक' काढणारे आगरकर मिल, स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून दुसऱ्या टोकाला गेले. व्यासपीठांवर आपण दोघांची नावं एका दमात घेतो आणि पुढे सरकतो. या प्रश्नाला आलेल्या प्रस्तावांत एकाचंही दुसऱ्याशी जमत नव्हतं. आम्हाला हवं होतं ते हेच.

शब्दप्रामाण्य टाळता येतं का? न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची जुनी परंपरा, चार प्रमाणं (ज्ञान मिळवण्याची साधनं) मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द (जाणकाराचं सांगणं). चार्वाक प्रत्यक्षापाशीच थांबतो. आपले विवेकवादी 'शब्द' म्हटला की नाक मुरडतात. पण एमआरआयची फिल्म आपल्याला कुठे वाचता येते? आपण डॉक्टरांच्या शब्दावर विसंबतो. मग आप्त, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावं असा माणूस, कुणाला म्हणायचं आणि कशाच्या आधारावर? हा प्रश्न पाहून एका क्ष-किरणतज्ज्ञ बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तत्त्वज्ञानाच्या परिषदेला प्रस्ताव पाठवला होता.

विवेक हे नागरिकाचं कर्तव्य ठरवता येईल का? राज्यघटनेच्या ५१क अनुच्छेदात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक वृत्ती आणि सुधारणावाद जोपासणं हे मूलभूत कर्तव्य म्हणून आलं ते १९७६च्या ४२व्या दुरुस्तीनं, म्हणजे ऐन आणीबाणीत. शोधक वृत्ती कर्तव्य म्हणून घटनेत लिहिली गेली तेव्हा वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता. वकील आणि राज्यशास्त्रवाले या प्रश्नावर तुटून पडतात.

आणखी एक: १९८१मध्ये मुंबईच्या नेहरू सेंटरनं वैज्ञानिक दृष्टिकोनाविषयी निवेदन प्रसिद्ध केलं आणि समाजचिंतक आशिस नंदींनी विज्ञानाच्या वर्चस्वावर टीका करणारं प्रतिनिवेदन लिहिलं. त्या वादात आज तुम्ही कुणाच्या बाजूला आहात, आणि का?

असे चार-पाच प्रश्न पुरेत. 'यांखेरीज स्वतःचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांचंही स्वागत आहे' असं एक वाक्य जोडा. 'विषयाचं बंधन नाही' आणि या वाक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रस्तावाचा नमुना न्यायसूत्रांकडून उसना घ्या

गोषवारा मागितला की लोक प्रस्तावना पाठवतात. 'प्रस्तुत निबंधात अमुकचा आढावा घेण्याचा प्रयत्न करण्यात येईल' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते दिसलं की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. उपाय सोपा: मोकळा गोषवारा मागूच नका, प्रश्नावली द्या.

न्यायात अनुमान मांडायचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगर तसाच आहे. म्हणून इथे आग आहे. यांतले पहिले तीन अवयव प्रस्तावात मागा. उरलेले दोन भाषणात येतील. त्यांना पूर्वपक्षाची, म्हणजे विरोधी बाजूच्या म्हणण्याची, जोड द्या. आमच्या अर्जातले प्रश्न असे असतात:

तुमचं म्हणणं एका वाक्यात लिहा. वाक्य असं हवं की समंजस माणूस ते नाकारू शकेल. (४० शब्द)
ते मानायचं सर्वांत भक्कम कारण कोणतं? (१०० शब्द)
एक उदाहरण द्या, शक्यतो स्वतःच्या कामातलं किंवा अनुभवातलं. (६० शब्द)
तुमच्याशी असहमत असलेला सर्वांत हुशार माणूस काय म्हणेल? (१०० शब्द)

झाले तीनशे शब्द. नाव, पत्ता, पद, संस्था, भाषेची निवड हे सगळं वेगळ्या पानावर घ्या; कारण पुढे येईल. 'अल्पपरिचय' निवड झाल्यावर मागवा. तो आधी मागवला की तीनशेतले दोनशे शब्द पुरस्कारांनाच जातात.

चौथ्या प्रश्नावर आमच्यातल्या एका ज्येष्ठांचा आक्षेप होता: 'आपण विरोधकांची वकिली का करायची?' पण माझा अनुभव असा, की प्रस्तावाची खरी प्रत याच उत्तरात कळते. 'काही धर्मांध लोक विरोध करतील' असं कुणी लिहिलं, तर त्यानं आपल्या विषयाचा विचार एकाच बाजूनं केलाय एवढं समजतं. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेले गुळगुळीत गोषवारे येतात, तेही तिसऱ्या आणि चौथ्या उत्तरापाशी पाय घसरून पडतात.

अर्जासोबत पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचे दोन नमुने जरूर द्या. 'समाजमाध्यमांच्या युगात विवेकाची नितांत गरज आहे' हा नको असलेला नमुना. 'अफवेचं खंडन करणारा संदेश न तपासता पुढे ढकलणं हीही अंधश्रद्धाच आहे' हा हवा असलेला. पन्नास सूचनांनी जे होत नाही ते या दोन ओळींनी होतं.

एक रटाळ पण जरुरीची सूचना: मजकूर युनिकोडमध्येच हवा, असं ठळक लिहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल उघडली की पडद्यावर कोळ्याची जाळी दिसते. टंकलेखन जमत नसेल त्यानं हातानं लिहून फोटो पाठवला तरी चालेल, हेही लिहा. आमच्याकडचे दोन उत्तम वक्ते वहीच्या पानावरून आले आहेत.

आकडेमोड आणि तारखा

किती भाषणं बसतील हे आवाहन निघण्याआधी मोजा. सकाळी १० ते संध्याकाळी ५.३० म्हणजे साडेसात तास. जेवणाचा तास आणि दोन चहांची ४० मिनिटं वजा केली की ३५० मिनिटं उरतात. पहिल्या दिवशी बीजभाषण आणि दुसऱ्या दिवशी खुली चर्चा, प्रत्येकी तासभर. राहिली रोजची २९० मिनिटं. एका भाषणाला ४५ मिनिटं द्या, २५ बोलायला आणि २० प्रश्नोत्तरांना. दिवसाला सहा, दोन दिवसांत बारा भाषणं, आणि उशिरासाठी रोज २० मिनिटं शिल्लक. 'समांतर सत्रं ठेवू, तीस जण बसतील' असं कुणी ना कुणी सुचवतंच. ऐकू नका. सात-आठ श्रोत्यांच्या चार खोल्यांत वाद होत नाही, निबंधवाचन होतं. बारा हा आकडा आवाहनात छापा. किती जागा आहेत हे आधीच कळलं की नंतरची नाराजी निम्म्यानं कमी होते.

परिषद जानेवारीच्या अखेरीस असेल तर आवाहन जुलैच्या पहिल्या आठवड्यात काढा. तोवर महाविद्यालयांचे प्रवेश बऱ्यापैकी आटोपलेले असतात. अंतिम तारीख मी पितृपक्षात ठेवतो. कुणी हसलं तर हसू द्या, पण त्या पंधरवड्यात लग्न नसतं, वास्तुशांत नसते, उद्घाटन नसतं. नवं काम हाती न घेणारी मंडळी जुनी कामं उरकायला मोकळी असतात. श्राद्ध घालणारे आणि न घालणारे, दोघांकडूनही प्रस्ताव वेळेत येतात! निकाल दिवाळीआधी कळवा, म्हणजे सुट्टीत लिहायला वेळ मिळतो. मुदत एकदाच, आठवडाभर वाढवा आणि ते मनाशी आधीच ठरवून ठेवा. प्रवासखर्च देणार की नाही, निवास आहे का, वक्त्यांना नोंदणी शुल्क आहे का, ही तीन उत्तरं आवाहनातच द्या. हे विचारायला मराठी माणूस लाजतो आणि मग प्रस्तावच पाठवत नाही.

कुणाला पाठवायचं

तत्त्वज्ञान विभाग, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) शाखा, वाचनालयं, नियतकालिकं इथे तर जाईलच. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६चं, वाईची प्राज्ञपाठशाळा आणि तिचं 'नवभारत' मासिक. या वाटा जुन्या आहेत, त्या सुचतातच. पण आवाहन गटागटांत ढकलून दिलं की आपलेच लोक आपल्यालाच लिहितात. खरं काम त्यानंतरचं, वैयक्तिक पत्रांचं. आम्ही तीस पत्रं लिहितो आणि त्यांतली निम्मी आमच्याशी सहमत नसणाऱ्यांना: कीर्तनकार, वारकरी परंपरेचे अभ्यासक, चर्चमध्ये धर्मशास्त्र शिकवणारे, इस्लामी कायद्याचे जाणकार, आयुर्वेदाची प्रॅक्टिस करणारे वैद्य. पत्रात स्पष्ट लिहितो की आम्हाला पूर्वपक्ष हवा आहे, तो तुमच्याइतका चांगला मांडणारा आमच्यात कुणी नाही, आणि मंचावर तुमची खिल्ली उडवली जाणार नाही.

निम्मे उत्तर देत नाहीत. काहींना सापळा वाटतो, आणि पूर्वानुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण जे येतात त्यांच्यामुळे सभागृह जागं राहतं. एका कीर्तनकार बुवांनी श्रद्धा हे प्रमाण नसून प्रमाणांच्या शोधाला लागणारी उमेद आहे असा मुद्दा मांडला, तेव्हा पहिल्या रांगेतले आमचे जुने कार्यकर्ते वह्या काढून लिहायला लागले. खोडून काढण्यासाठी लिहीत होते, पण लिहीत होते.

सुरक्षेचंही बोलून घेऊ. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, दीड वर्षात कॉ. गोविंद पानसरेही गेले. त्यानंतर अशा कार्यक्रमाला जागा देताना विश्वस्त कचरतात. एका ठिकाणी आमचा ठरलेला हॉल आठ दिवस आधी हातचा गेला. म्हणून जागेची लेखी संमती हातात आल्याशिवाय आवाहनात स्थळ छापू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या दंडविधानातलं धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दलचं २९५अ, समितीत एकानं तरी वाचलेलं असावं. मताची चिकित्सा आणि श्रद्धावानांचा हेतुपुरस्सर अपमान या दोहोंतला फरक आवाहनात एका वाक्यात सांगा. तेवढं बास, याहून जास्त लिहिलंत तर लोक बिचकतात.

आवाहनाचा मसुदा

सगळं मिळून एक पान. सुरुवात साधारण अशी करता येईल:

'जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी-रविवारी विवेकवादावर परिषद भरवत आहोत. विवेकवाद म्हणजे काय मानावं आणि कसं वागावं हे पुरावा आणि युक्तिवाद यांच्या आधारे ठरवण्याची भूमिका. ती तुम्हाला पटत असेल तर तिच्यातल्या अडचणी घेऊन या. पटत नसेल तर का पटत नाही ते सांगायला या. खाली पाच प्रश्न दिले आहेत. बारा भाषणांना जागा आहे. निवड प्रस्तावावरून होईल, पदावरून नाही. नाकारलेल्या प्रत्येक प्रस्तावाचं कारण लेखी कळवू.'

मग प्रश्न, अर्जाची कृती, तारखा, खर्च, भाषा आणि शंका विचारायला एका माणसाचा फोन. 'समाजाला आज विवेकाची कधी नव्हे इतकी गरज आहे' यासारखी वाक्यं मसुद्यात शिरतातच. दुसऱ्या वाचनात ती काढा.

निवड: वाद, जल्प आणि वितंडा

नावाचं पान बाजूला काढून प्रत्येक प्रस्तावावर क्रमांक टाका आणि तो तिघांना वाचायला द्या. मराठी वर्तुळ लहान, तेव्हा चार ओळींत माणूस ओळखू येतो. आल्यास तसं सांगून तो प्रस्ताव दुसऱ्याकडे द्यायचा. विद्यार्थी, सहकारी, नातलग यांचेही. हे पाळणं वाटतं त्याहून जड जातं. नाव दिसत होतं तेव्हा आमच्या यादीत दर वर्षी तीच माणसं असायची आणि बाई एखादीच. पान झाकल्यावर पहिल्याच वर्षी चित्र बदललं.

गुण द्यायला न्यायसूत्रांतलाच भेद कामी येतो. सत्य ठरवण्यासाठी दोन्ही पक्ष प्रमाणांनी आणि तर्कानं बोलतात तो वाद. जिंकणं हाच हेतू, मग त्यासाठी शब्दच्छलही चालेल, तो जल्प. स्वतःची कुठलीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडायचं ती वितंडा. प्रस्ताव वाचून झाला की यांतलं एक अक्षर समासात लिहायचं: वा, ज किंवा वि. आकडे नंतर. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सर्वांत जास्त 'वि' आमच्याच बाजूच्या लोकांना मिळाले. ज्योतिष, वास्तुशास्त्र, बुवाबाजी यांचं खंडन चोख होतं, पण मग काय मानायचं आणि कशाच्या जोरावर, यावर एक ओळ नव्हती. वितंडा वाईटच असं नाही. कसबी खंडनाचं एखादं भाषण ठेवावं. बारापैकी एक.

तिघांचे गुण जुळले तर प्रश्न मिटला. एकानं डोक्यावर घेतलेला आणि दुसऱ्यानं फेटाळलेला प्रस्ताव मात्र सरासरी काढून मारू नका. तो समितीत मोठ्यानं वाचा. माझा कल असा प्रस्ताव घेण्याकडे असतो.

उत्तरं

स्वीकाराच्या पत्रात परीक्षकांचा एक प्रश्न जोडा आणि भाषणात त्याचं उत्तर अपेक्षित आहे असं सांगा. नकाराच्या पत्रात दोन वाक्यं पुरतात, पण ती त्या प्रस्तावाबद्दलचीच हवीत. 'आपला दावा आणि आपलं उदाहरण यांचा संबंध आम्हाला लागला नाही: उदाहरण एका व्यक्तीच्या फसवणुकीचं आहे, दावा मात्र सगळ्या परंपरेबद्दल.' एवढं. 'जागेअभावी' हा शब्द खरोखर जागाच नसेल तेव्हाच वापरा. कारणं लिहायला एक अख्खा रविवार जातो, पुढचा आठवडा फोन घेण्यात. कुणी रागावतं, कुणी परीक्षकाची चूक दाखवून देतं. एकदा चूक खरंच आमची होती आणि प्रस्ताव परत घ्यावा लागला.

प्रमाणपत्राची चौकशी येणारच, पदोन्नतीसाठी ते लागतं. द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त जो दोन्ही दिवस बसेल त्यालाच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

प्रतीक्षायादीत तीन नावं ठेवा आणि त्यांना तसं सांगून ठेवा. कुणी ना कुणी आयत्या वेळी गळतंच. यादीतलंही कुणी आलं नाही तर ती ४५ मिनिटं भरायला मान्यवर शोधू नका. आदल्या भाषणावरचा वाद पुढे चालू द्या. चहावाल्याला तेवढं आधी कळवा.